बगदादच्या तीन अरबी

१९४० च्या आसपास बगदादच्या एकाच गल्लीत हिंडणाऱ्या कुत्र्यांना तीन नावे होती. मुसलमान त्यांना ‘च्लाब’ म्हणत, ख्रिस्ती ‘क्लेब’ म्हणत आणि ज्यू ‘क्लीब’. तिन्ही शब्द अरबीच आणि तिन्हींचे मूळही ‘किलाब’ हेच. पण दुकानदार असो, न्हावी असो की शेजारी, त्याने तोंड उघडले की तो कोणत्या धर्माच्या घरात वाढला हे ऐकणाऱ्याला दोन वाक्यांत कळे. ‘मी म्हणालो’ हे साधे क्रियारूप घ्या. मुसलमान बगदादी ‘गिलित’ म्हणे. ज्यू आणि ख्रिस्ती ‘केल्तु’ म्हणत आणि त्यातला ‘क’ पार पडजिभेपाशी उच्चारत.

गावोगावी आणि जातीजातींत बोली बदलते हे मराठी वाचकाला सांगायला नको. बगदादमधला भेद मात्र दोन-चार शब्दांचा नव्हता. ‘होता’ या अर्थी मुसलमान ‘चान’ म्हणे, तर इतर दोघे ‘कान’. डोक्याला अरबीत ‘रास’ म्हणतात. ज्यू आणि ख्रिस्ती त्यातला ‘र’ टाकून उर्दूतल्या ‘ग़रीब’चा घर्षण असलेला ‘ग़’ काढत आणि ‘ग़ास’ म्हणत. या दोघांची बोली एकच होती असेही नाही. जिभेचे टोक दातांमध्ये धरून उच्चारायचे जे वर्ण अरबीत आहेत, ते मुसलमानांनी आणि ज्यूंनी जपले होते. ख्रिस्त्यांनी त्यांचे साधे ‘त’ आणि ‘द’ करून टाकले होते. स्वर वेगळे, क्रियापदांची रूपे वेगळी, घरातल्या वस्तूंची नावे वेगळी. शहर एक, बाजार एक, नदी एक, आणि घराघरांत तीन अरबी.

बगदादकरांना हे सारे पिढ्यानपिढ्या ठाऊक होते. भाषाशास्त्राच्या शिस्तीने ते मांडले आणि त्यामागचा इतिहास उकलला तो मात्र अशा एका अंध प्राध्यापकाने, ज्याच्यासाठी बगदादचे दार कायमचे बंद होते.

त्यांचे नाव हाइम ब्लांक. जन्म १९२६ चा, चेर्नोव्हित्स या शहरातला. हे शहर तेव्हा रोमानियात होते, आज युक्रेनमध्ये आहे. जर्मन, यिडिश, रोमानियन, युक्रेनियन अशा अनेक भाषा तिथल्या रस्त्यांवर ऐकू येत. १९४८ च्या अरब-इस्रायल युद्धात ब्लांक यांची दृष्टी गेली. पुढे ते जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात प्राध्यापक झाले आणि १९८४ मध्ये वारले. या सगळ्या काळात त्यांनी जे काम केले त्याचा कच्चा माल म्हणजे माणसांचे बोलणे. तेही व्याकरणकारांनी शिफारस केलेले, शाळेत शिकवलेले बोलणे नव्हे. माणसे घरी आणि आपसांत जे बोलतात ते.

१९५३ मध्ये त्यांचा पहिला महत्त्वाचा ग्रंथ आला, पश्चिम गॅलिली आणि कार्मेल पर्वतावरच्या द्रूझ समाजाच्या अरबीवर. द्रूझ हा छोटा धर्मसमाज आहे, डोंगराळ गावांत राहणारा. पडजिभेपाशी उच्चारला जाणारा तो ‘क’ त्यांच्या बोलीत घट्ट टिकून आहे. आसपासच्या शहरी अरबीत त्याची जागा घशातल्या एका झटक्याने घेतली आहे. एका वर्णावरून समाज ओळखता येतो, हे सूत्र ब्लांक यांच्या हाती इथेच लागले असावे.

याच वर्षांत ते हिब्रू वाचकांसाठी वृत्तपत्रीय सदरही लिहीत होते. तेव्हा नव्या राष्ट्रातले शुद्धिवादी लोक तरुणांच्या हिब्रूतल्या ‘चुका’ वेचण्यात गुंतले होते. ब्लांक यांची भूमिका उलटी होती: जी भाषा मुलांना जन्मापासून येते तिला स्वतःचे व्याकरण असते, आधी ते ऐका, त्याची नोंद करा. या सदरातल्या लेखांचे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर, १९८९ मध्ये निघाले. अभ्यासकाने आपली भूमिका सामान्य वाचकापुढे सोप्या भाषेत मांडावी, हा त्यांचा गुण मला त्यांच्या विद्वत्तेइतकाच मोलाचा वाटतो.

अरबीच्या अभ्यासात त्या काळी एका नव्या कल्पनेने खळबळ उडवली होती. १९५९ मध्ये अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ चार्ल्स फर्ग्युसन यांनी ‘डायग्लॉसिया’ या नावाचा निबंध प्रसिद्ध केला. त्यांचे म्हणणे असे की काही समाजांत एकाच भाषेची दोन रूपे शेजारी नांदतात. एक प्रतिष्ठित रूप, प्रवचनाचे, वर्तमानपत्राचे, शाळेचे. दुसरे घरगुती रूप, आईच्या तोंडचे. प्रतिष्ठित रूप कुणाचीच मातृभाषा नसते, ते शिकावेच लागते. त्यांनी चार उदाहरणे दिली, त्यांत अरबी प्रमुख होती. हेच फर्ग्युसन १९५५-५६ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होते. भारतातल्या भाषिक वैविध्यावर जॉन गम्पर्झ यांच्यासोबत त्यांनी संपादित केलेला संग्रह १९६० मध्ये निघाला. त्याच वर्षी अरबी भाषाशास्त्रावरचा त्यांनी संपादित केलेला आणखी एक संग्रह आला आणि त्यात ब्लांक यांचा निबंध होता.

ब्लांक यांनी केले ते साधे, पण तोवर फारसे कुणी न केलेले. बगदाद, अलेप्पो आणि जेरुसलेम अशा वेगवेगळ्या शहरांतल्या सुशिक्षित अरब तरुणांना एकत्र बसवून त्यांच्या गप्पा ध्वनिमुद्रित केल्या आणि त्या वाक्यावाक्याने तपासल्या. फर्ग्युसन यांच्या मांडणीत वरचा आणि खालचा असे दोनच थर होते. ब्लांक यांना प्रत्यक्ष बोलण्यात पाच आढळले: निखळ घरगुती बोली, गावठी खुणा पुसून सर्वांना कळेल अशी केलेली बोली, ग्रंथभाषेचा रंग चढलेली बोली, थोडी सैल झालेली ग्रंथभाषा, आणि शुद्ध ग्रंथभाषा. माणसे एकाच वाक्यात या थरांतून खालीवर करत. अलेप्पोचा तरुण बगदादी मित्राला समजावे म्हणून आपल्या गावचा शब्द बाजूला ठेवी, पण त्याच्या जागी ग्रंथातला शब्द आणीच असे नाही. अनेकदा तो इतर शहरांत चालणारा बोलीतलाच शब्द निवडी. बोली आणि ग्रंथभाषा यांच्यामधल्या या मोकळ्या जागेकडे ब्लांक यांनी लक्ष वेधले. पुढच्या साठ वर्षांतला अरबी समाजभाषाविज्ञानाचा बराच भाग याच जागेत उभा राहिला.

मग १९६४ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या प्रकाशनाने त्यांचे ‘कम्युनल डायलेक्ट्स इन बगदाद’ हे पुस्तक काढले. पुस्तक लहान आहे. अरबी बोलींच्या अभ्यासकाला मात्र ते टाळून पुढे जाता येत नाही.

पुस्तकातला कळीचा प्रश्न हा: एकाच शहरात तीन बोली आल्या कुठून? धर्म वेगळा म्हणून भाषा वेगळी, हे उत्तर पुरेसे नाही. दमास्कस, बैरूत, अलेप्पो इथेही मुसलमान, ख्रिस्ती आणि ज्यू शेजारी राहत होते. त्यांच्या बोलण्यात बारीक फरक होते, पण वेगळी बोली म्हणावी इतके नव्हते. मग बगदादमध्येच काय घडले?

ब्लांक यांनी नजर शहराबाहेर वळवली. इराकच्या उत्तरेला, तैग्रिस नदीच्या वरच्या अंगाला मोसुल आहे. तिथले मुसलमानही ‘केल्तु’ म्हणतात! दक्षिणेकडे बसराच्या बाजूला गेले की मुसलमान ‘गिलित’ म्हणत आणि ज्यू, ख्रिस्ती ‘केल्तु’. उत्तरेतच गावे सोडून गुरे-उंट राखणाऱ्या मुसलमान टोळ्यांकडे गेले की पुन्हा ‘गिलित’. म्हणजे ‘केल्तु’ ही काही बिगरमुसलमानांची बोली नव्हे. ती जुन्या शहरवासीयांची बोली आहे. आणि ‘गिलित’ मुळात वाळवंटातल्या बदूंची. ‘क’च्या जागी ‘ग’ येणे ही अरब जगात बदू बोलीची ठळक खूण मानली जाते.

इतिहासातही याला जागा सापडते. १२५८ मध्ये हुलागू खानाच्या मंगोल फौजेने बगदाद उद्ध्वस्त केले, खलिफाला ठार मारले. पाच शतके अब्बासी खिलाफतीची राजधानी असलेले शहर ओस पडल्यासारखे झाले. पुढच्या शतकांत आसपासच्या टोळ्या हळूहळू शेतीकडे आणि शहराकडे सरकत आल्या. त्या मुसलमान होत्या. त्यांच्याशी लग्नसंबंध, शेजार, मशीद आणि फौज या नात्यांनी जोडले गेले ते शहरातले मुसलमान, आणि पिढ्यांमागून पिढ्या त्यांची बोली बदूंच्या वळणावर गेली. ज्यू आणि ख्रिस्ती आपापल्या मोहल्ल्यांत, आपापसांत सोयरिकी करत राहिले, म्हणून मध्ययुगीन शहरी अरबी त्यांच्या घरात राहिली. वाचताना अनेकांना वाटते की अल्पसंख्याकांनी आपली वेगळी भाषा घडवली. ब्लांक यांनी दाखवले ते नेमके उलट: भाषा बदलली होती बहुसंख्याकांची. अर्थात हा ध्वनींवरून बांधलेला तर्क आहे, तेराव्या शतकातली ध्वनिमुद्रिका कुणाकडे नाही. पण मोसुलचा पुरावा इतका नेटका बसतो की आजही चर्चा या तर्काभोवतीच फिरते. जर्मन अभ्यासक ओट्टो यास्ट्रो यांनी पुढे तुर्कस्तानच्या आग्नेय भागापर्यंत ‘केल्तु’ बोलींचा माग काढला, आणि ‘केल्तु’ व ‘गिलित’ हे दोन शब्द साऱ्या मेसोपोटेमियन अरबीच्या वर्गीकरणाची नावे होऊन बसले.

इथे आपल्याकडचे एक उदाहरण आठवते. गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडवर एक निबंध लिहिला. तिथे जैन कन्नड बोलत, मुसलमान उर्दू, इतर काही समाज मराठी. शतकानुशतकांच्या शेजाराने या भाषांची वाक्यरचना इतकी एकमेकींच्या जवळ आली होती की शब्दाला शब्द ठेवून भाषांतर करता यावे. कुपवाडात भाषा वेगळ्या राहून व्याकरण एक होत गेले. बगदादमध्ये भाषा एक असून व्याकरणे दुभंगली. दोन्हीकडे घरातली बोली ही समाजाची ओळख होती आणि दोन्हीकडे बाजार सर्वांचा होता.

बगदादच्या बाजारात मात्र देवाणघेवाण एकतर्फी होती. ज्यू व्यापारी घरी ‘केल्तु’ म्हणे आणि दुकानात मुसलमान गिऱ्हाइकाशी ‘गिलित’ म्हणे. मुसलमानाला ज्यूंची बोली शिकण्याचे कारण कधी पडले नाही. ज्याला दोन बोली याव्या लागतात आणि ज्याला एकीवर भागवता येते, त्यांच्यातले सामर्थ्याचे नाते या एवढ्या गोष्टीवरून कळते. पुढे जो भाषापालट घडला, म्हणजे एका समाजाने आपली भाषा सोडून दुसरी धरणे, त्याची दिशा आधीच ठरलेली होती.

तो शेवट बगदादच्या ज्यूंच्या बाबतीत अतिशय वेगाने आला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शहराच्या लोकसंख्येत त्यांचा वाटा मोठा होता. व्यापार, संगीत, पत्रकारिता यांत ते पुढे होते. जून १९४१ मध्ये ‘फरहूद’ म्हणून ओळखली जाणारी दंगल झाली, ज्यूंची घरे लुटली गेली, माणसे मारली गेली. १९४८ नंतर परिस्थिती आणखी बिघडली. मार्च १९५० मध्ये इराक सरकारने नागरिकत्व सोडणाऱ्या ज्यूंना देशाबाहेर जाण्याची मुभा देणारा कायदा केला, पुढच्या वर्षी त्यांची मालमत्ता गोठवली, आणि १९५१ संपेपर्यंत सुमारे १ लाख २० हजार इराकी ज्यू विमानांनी इस्रायलमध्ये पोहोचले. अडीच हजार वर्षांची वस्ती दोनेक वर्षांत उठली.

इस्रायलमध्ये त्यांना तंबूंच्या छावण्या मिळाल्या आणि हिब्रू मिळाली. अरबी ही तिथे शत्रूची भाषा होती. मुलांना आईवडिलांनी रस्त्यात अरबी बोलू नये असे वाटे. सामी मायकेल, शिमोन बल्लास यांच्यासारखे लेखक अरबीत वाढलेले, पण पुढे हिब्रूत लिहू लागले. समीर नक्काश यांनी तसे केले नाही. १९३८ मध्ये बगदादला जन्मलेला हा कादंबरीकार इस्रायलमध्ये राहून शेवटपर्यंत अरबीतच लिहीत राहिला. त्याची पात्रे आपापल्या बगदादी बोलीत बोलतात आणि अरबी वाचकालाही ती कळावीत म्हणून पानाखाली तळटिपा असतात. वाचक जवळजवळ नव्हते. २००४ मध्ये नक्काश वारले. आज त्यांच्या कादंबऱ्या त्या बोलीच्या मोठ्या भांडारांपैकी आहेत.

ब्लांक यांच्या पुस्तकाला उंची देतो तो हा काळाचा संदर्भ. ज्यू बगदादी बोलणारी माणसे त्यांना इस्रायलमध्येच, नुकतीच उखडून आलेली सापडली. आणखी तीस वर्षे थांबले असते तर हिब्रूच्या सावलीतली बोली हाती लागली असती. याकोब मन्सूर यांचे या बोलीचे सविस्तर वर्णन १९९१ मध्ये इंग्रजीत आले आणि असाफ बार-मोशे यांचे व्याकरण २०१९ मध्ये. दोन्ही कामे उत्तम आहेत. पण बोली अस्खलित बोलणारे आता म्हातारे झाले आहेत आणि त्यांची नातवंडे हिब्रू बोलतात.

ख्रिस्ती बगदादी तिथेच राहिले, तरी त्यांच्या बोलीचीही गत फार वेगळी झाली नाही. फरिदा अबू-हैदर यांनी १९९० च्या सुमारास या बोलीचा अभ्यास केला, तिचे व्याकरण लिहिले आणि तिच्या टिकण्या-सुटण्यावर स्वतंत्र निबंधही लिहिला. ख्रिस्ती माणसे घराबाहेर मुसलमानी वळणाची अरबी बोलत होती आणि ती सवय घरात शिरू लागली होती.

यातली एक गोष्ट विचार करायला लावते. कुराणाच्या, शाळेच्या, वर्तमानपत्राच्या अरबीत ‘क’ आहे. म्हणजे ख्रिस्ती आणि ज्यू घरातला ‘केल्तु’चा ‘क’ ग्रंथाला धरून होता आणि ‘गिलित’चा ‘ग’ ग्रंथाबाहेरचा. तरीही माणसे ‘क’ टाकून ‘ग’ घेत होती. ग्रंथ प्रतिष्ठा देतो असे आपण धरून चालतो. बगदादमध्ये प्रतिष्ठा रस्त्यावर ठरत होती. मुहम्मद हसन इब्राहिम यांनी १९८६ मध्ये हाच मुद्दा सर्व अरब जगासाठी ठासून मांडला: प्रमाण भाषा आणि प्रतिष्ठित भाषा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची गल्लत करू नका. बहरीनमध्ये क्लाइव्ह होल्स यांना असेच दिसले. तिथल्या शिया बहारना समाजाच्या बोलीतला ‘ज’ ग्रंथातल्यासारखाच आहे, सत्ताधारी सुन्नी समाज मात्र त्या जागी ‘य’ म्हणतो. चारचौघांत बोलताना शिया लोक आपला ‘ज’ सोडून ‘य’ म्हणू लागले होते. सत्ता आणि प्रभाव ज्याच्याकडे, उच्चार त्याचा.

नव्या शहरांत काय होते याचे उत्तर अम्मानने दिले. एसेक्स विद्यापीठातल्या जॉर्डेनियन भाषाशास्त्रज्ञ इनाम अल-वेर यांनी या शहराची बोली जन्मताना पाहिली. अम्मान विसाव्या शतकाच्या आरंभी लहान वस्ती होती. जॉर्डनच्या गावांतून आणि १९४८ नंतर पॅलेस्टाइनमधून आलेल्या माणसांनी ते भरले. पहिल्या पिढीने आपापल्या गावची बोली जपली, दुसऱ्या पिढीत सरमिसळ झाली आणि तिसऱ्या पिढीच्या तोंडी एक नवी, स्थिर अम्मानी बोली आली. बोली नुसत्या मरत नाहीत, जन्मतातही.

बगदादी ज्यूंच्या बोलीची एक शाखा मुंबईत आणि पुण्यातही नांदून गेली, हे मात्र आपल्याकडे फारसे कुणाला आठवत नाही. १८३० च्या दशकाच्या सुरुवातीला डेव्हिड ससून बगदाद सोडून मुंबईला आले. त्यांच्यामागून अनेक कुटुंबे आली. पुण्याचे ससून रुग्णालय त्यांच्याच नावाचे, आणि कॅम्पातले लाल देऊळ म्हणजे त्यांनी बांधायला घेतलेले सिनेगॉग. त्यांची कबर तिथेच आहे. ही कुटुंबे घरात ‘केल्तु’ म्हणणारी अरबी बोलत आणि ती हिब्रू लिपीत लिहीत. १८५५ ते १८६६ या काळात ‘दोरेश तोव ले-अम्मो’ हे वृत्तपत्र मुंबईत छापले जात होते. त्याची भाषा अरबी, लिपी हिब्रू, वाचक मुंबईपासून पूर्वेच्या बंदरांपर्यंत पसरलेले. पुढच्या दोन-तीन पिढ्यांत या समाजाने अरबी सोडून इंग्रजी धरली; ब्रिटिश सत्तेच्या जवळ जाण्याचा तो मार्ग होता. त्याच मुंबईत बेने इस्रायली ज्यू मराठी बोलत होते. एक धर्म, एक शहर आणि पुन्हा दोन घरभाषा.

बेने इस्रायलींपैकी बहुतेक जण पुढे इस्रायलला गेले. तिथे ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक त्यांनी चालवले. पण त्यांच्या नातवंडांची भाषाही हिब्रूच आहे. कोकण किनाऱ्यावरच्या गावांतून उचललेली, हिब्रू धार्मिक शब्द रिचवलेली त्यांची मराठी आज बगदादी ज्यूंच्या अरबीच्याच वळणावर उभी आहे. आईच्या मांडीवर ही मराठी शिकलेली माणसे अजून अश्दोद, लोद, दिमोना इथे भेटतात, पण ती सत्तरी-ऐंशीची आहेत. आपल्या विद्यापीठांतल्या मराठी आणि भाषाशास्त्र विभागांनी त्यांच्याकडे विद्यार्थी पाठवावेत, ध्वनिमुद्रणे करावीत, गोष्टी, पाककृती, शिव्या, लग्नातली गाणी, सगळे टिपावे. वाचकांपैकी कुणाच्या ओळखीत असे आजी-आजोबा असतील तर फोनचे ध्वनिमुद्रण सुरू करून त्यांच्याशी तासभर मराठीत बोलावे. त्यासाठी भाषाशास्त्राची पदवी लागत नाही.